सक्ती कोणावर?

'सक्तीचे शिक्षण' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की त्यातली सक्ती नेमकी कोणावर आहे, असा प्रश्न सहसा पडत नाही. वर्गात विचारून पाहा. मुले म्हणतील, आमच्यावर. पालक सभेत विचारलेत तर उत्तर येईल, आमच्यावर. पोर शाळेत घातले नाही तर दंड होतो ना! प्रत्यक्षात आज लागू असलेल्या कायद्यात यातले एकही उत्तर नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ८व्या कलमात 'सक्तीचे शिक्षण' म्हणजे काय ते सांगितले आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत प्राथमिक शिक्षण पुरवणे, आणि त्याचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षण पूर्ण होणे यांची खात्री करणे हे शासनाचे बंधन, असा त्याचा अर्थ आहे. दहावे कलम मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे असे म्हणते, पण ते न पाळणाऱ्या पालकाला या कायद्यात कुठलाही दंड नाही.

सक्तीचे टोक पालकाकडून शासनाकडे वळायला शंभरावर वर्षे लागली. ही वर्षे कशी गेली ते आपण वऱ्हाडात, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या मुलुखात उभे राहून पाहू. जागा मुद्दाम निवडली आहे. कायदा कागदावर येणे आणि तो मुलापर्यंत पोहोचणे यांतले अंतर इथे फार स्पष्ट दिसते.

मागणीचा आरंभ महाराष्ट्रातलाच. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मांडले. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो, हा त्यांचा हिशोब होता. आयोगाने सक्ती काही स्वीकारली नाही. ती प्रथम प्रत्यक्षात आणली ती संस्थानिकांनी. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात, मुलींसह, सक्ती लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ही त्यातली तरतूद आजही सांगितली जाते, आणि ती कौतुकानेच सांगितली जाते. ते कौतुक योग्यच आहे, कारण त्या दंडामागे शाळा उघडण्याची आणि त्यासाठी पैसा घालण्याची तयारी होती. पण दंड पालकाला, ही रचना तेव्हापासून रूढ झाली, हेही ध्यानात ठेवायला हवे.

ब्रिटिश मुलुखात हा प्रयत्न गोपाळ कृष्ण गोखले यांनी केला. मार्च १९११ मध्ये त्यांनी कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. तेव्हा देशात शंभरांत जेमतेम सहा माणसे साक्षर होती. विधेयक आज वाचले तर ते किती सावध होते याचे नवल वाटते. सगळीकडे सक्ती करा, असे त्यात नव्हतेच. जिथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच बरे आहे, तिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला वाटले, तर सरकारच्या परवानगीने ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना सक्ती लावता यावी, एवढीच मागणी होती. मुलींचा विचार पुढे. ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांच्या वर नाही त्याच्याकडून फी घेऊ नये, असेही त्यात होते. तरी ते चालले नाही. खर्च कोण करणार, जनता तयार नाही, अशी कारणे पुढे आली, आणि १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले. विरोधकांत सरकारी सभासद होते, तसेच आपले काही जमीनदारही होते. शेतावर राबायला कोण येणार, ही चिंता फक्त साहेबाला नव्हती.

विधेयक पडले, पण त्याचा साचा टिकला. १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी आणलेला कायदा आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत इतर प्रांतांत झालेले कायदे याच वळणाचे होते. स्थानिक संस्थेने ठराव करायचा, कर बसवायचा, सरकारने मंजुरी द्यायची, मग त्या भागापुरती सक्ती. थोडक्यात, संस्थेला 'करता येईल' असा कायदा. 'केलेच पाहिजे' असा नव्हे. मध्य प्रांताचा असा कायदा १९२० चा आहे.

इथे वऱ्हाडची एक गंमत सांगायला हवी. वऱ्हाड त्या काळी कायद्याने ब्रिटिश मुलूख नव्हता. तो निजामाचा. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी तो आपल्या ताब्यात घेतला, १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात कायमचा खंडाने लिहून घेतला, आणि १९०३ मध्ये कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला. त्यामुळे नागपूरच्या कौन्सिलात झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. तो वेगळी अधिसूचना काढून लावावा लागे. वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेले सभासदसुद्धा कौन्सिलात 'नेमलेले' म्हणून बसत, कारण वऱ्हाडी माणूस कागदोपत्री निजामाची प्रजा होता. कापसाच्या व्यापाराने सधन झालेला, काँग्रेसला १९१२ साली रं. न. मुधोळकरांसारखा अध्यक्ष देणारा हा मुलूख, पण त्यातल्या मुलाचा हक्क कुठल्या सरकारकडे मागायचा याचेही उत्तर सरळ नव्हते.

बरे, कायदा लागू झाला, जिल्हा कौन्सिलाने ठरावही केला असे धरू. पुढे काय? वऱ्हाडात दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटतो आणि वेचणी सुरू होते. ती महिनोन्महिने चालते. बोंडातून कापूस काढायला लहान हात चांगले, असे म्हणत बायकांबरोबर पोरे वावरात जात. ज्याला शेत नाही त्याचा मुलगा सालदाराच्या हाताखाली किंवा ढोरांमागे. अशा घरच्या बापाला दंड केला तर तो भरणार कशातून? त्या मुलाच्याच मजुरीतून! पालकावरची सक्ती गरिबाच्या दारात आली की अशी उलटी फिरते. आमच्या मते जुन्या सक्तीच्या कायद्यांचा खरा कच्चा दुवा हाच होता. पालकांच्या अज्ञानाची चर्चा फार झाली, त्यांच्या हिशोबाची फारशी झाली नाही.

या मुलांतला एक आपल्याला ठाऊक आहे. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव. बाप दारूपायी लवकर गेला, आई मुलाला घेऊन अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आपल्या माहेरी आली. मामाकडे डेबूने गुरे राखली, पुढे शेत कसले. शाळा काही घडली नाही. हेच पुढे गाडगेबाबा झाले. त्यांच्या कीर्तनात पोराला शिकवण्याचा आग्रह पुन्हा पुन्हा येई. एक वेळ ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, असे ते सांगत. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे व शाळा उभ्या करायला हातभार लावला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. इथे सक्तीचा मुद्दाच नव्हता. मुलाला राहायला जागा आणि खायला भाकर मिळाली तर तो शिकेल, एवढी साधी गोष्ट शाळेत न गेलेल्या माणसाला कळली होती.

दुसरा मुलगा पापळचा. पंजाबराव देशमुख, जन्म २७ डिसेंबर १८९८. त्यांची परिस्थिती वेगळी, घरी शेती होती, पण शाळेची वाट त्यांच्याही गावातून बाहेरच जात होती. पापळ, मग चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, मग पुण्याचे फर्ग्युसन. प्रत्येक टप्प्यावर मुक्काम हलवायचा. ज्याच्या घरी ऐपत नाही, तो पहिल्याच मुक्कामाला थांबणार हे उघड आहे. पंजाबराव थांबले नाहीत. एडिंबरो आणि ऑक्सफर्डपर्यंत गेले, वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टर झाले आणि १९२६ मध्ये अमरावतीला परतले.

परतल्यावर लवकरच त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एका पंगतीत जेवावे, हा त्यातला विशेष. तो किती मोठा होता हे समजायला त्या वर्षांची अमरावती आठवावी लागते. १९२७ मध्ये अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून इथे चळवळ चालू होती, आणि नोव्हेंबरात अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. पंजाबराव या चळवळीच्या बाजूने उभे होते. १९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरणे, ही त्यांची दोन कामे एकत्र पाहावीत. शाळा कायद्याने सगळ्यांना मोकळी, पण शाळेजवळच्या विहिरीवर काही मुलांना पाणी घेता येत नाही, अशा गावात सक्तीला काय अर्थ? समान संधी म्हणतात ती पाटीवर सुरू होत नाही. पाण्यापासून सुरू होते.

१९३० मध्ये ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे काम सुरू झाले, आणि पुढे तिच्या शाळा-महाविद्यालये विदर्भाच्या गावोगावी पोहोचली. या संस्थांचा गुणदोषविचार हा वेगळा विषय आहे. इथे एवढेच नोंदवू की शाळेचे अंतर कमी करणे हा मार्ग वऱ्हाडात दंडापेक्षा जास्त चालला. २०११ च्या जनगणनेत अकोला व अमरावती या दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता ८७ टक्क्यांच्या वर होती. राज्याची सरासरी ८२ टक्क्यांच्या आसपास असताना कोरडवाहू, कर्जबाजारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलुखाचा आकडा वर असावा, हे सहज घडलेले नाही.

आता वऱ्हाडातून थोडे दिल्लीला जाऊ, कारण 'हक्क' हा शब्द तिथे एकदा अगदी हाताशी येऊन निसटला. घटना समितीत पंजाबरावही सभासद होते. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीने मोफत प्राथमिक शिक्षण हे न्यायालयात मागता येईल अशा हक्कांत घातले होते. वरच्या सल्लागार समितीने ते तिथून उचलून मार्गदर्शक तत्त्वांत टाकले. पैसा नसताना सरकारवर दावे झाले तर काय करायचे, ही भीती. मसुद्याच्या ३६व्या कलमात तरीही 'प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे' अशा अर्थाचे शब्द उरले होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी लक्ष्मीकांत मैत्र यांनी ते वगळण्याची सूचना मांडली. मार्गदर्शक तत्त्वांत हक्काची भाषा बसत नाही, हे त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली. त्याच चर्चेत चौदा वर्षांची मर्यादा कमी करून फक्त प्राथमिक शिक्षणापुरते बोलावे, अशीही सूचना आली. ती मात्र आंबेडकरांनी नाकारली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात ठेवायचे नाही असे आपण ठरवतो आहोत, तर तेवढ्या वयापर्यंत त्याला शाळेतच ठेवले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजच्या कायद्यातले 'चौदा' या मुद्द्यातून आले आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

अशा रीतीने ४५वे कलम तयार झाले. दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. मुदत घातलेले हे एकच मार्गदर्शक तत्त्व. मुदत उलटली. वऱ्हाडही दरम्यान १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये, वऱ्हाडातल्याच पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीने सुचवल्यानुसार जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा वाढल्या, शिक्षक वाढले, मुलेही वाढली. हक्क मात्र नव्हता.

तो आला न्यायालयाच्या दारातून, आणि जरा आडवाटेने. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या भरमसाट फीविरुद्ध १९९२ व १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे खटले चालले, त्यांच्या निकालात, विशेषतः १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात, चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले. डॉक्टरकीच्या प्रवेशावरून सुरू झालेल्या भांडणाचा लाभ पहिलीतल्या पोराला झाला! २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१-क आले. सहा वर्षांखालची मुले त्यातून वगळली गेली आणि पालकाचे कर्तव्य घटनेत लिहिले गेले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. गोखल्यांचे विधेयक पडल्याला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

या कायद्याच्या दोन कलमांकडे शिक्षकांनी विशेष पाहावे. चौथे कलम सांगते की कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचे आणि मागचे भरून काढण्यासाठी विशेष शिकवायचे. पाचवे सांगते की मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. नवव्या कलमात स्थलांतरित मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर आहे. ही कलमे कोणासाठी लिहिली असावीत हे पाहायचे असेल तर परतवाड्याहून वर घाटात जायला हवे.

मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, बहुसंख्य मुले कोरकू घरातली. कोरकू ही मराठीची बोली नव्हे; तिचे नाते मुंडारी-संथाळीशी, म्हणजे पार छोटानागपूरकडच्या भाषांशी आहे. पहिलीतल्या मुलाला शिक्षकाचे पहिलेच वाक्य परके. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे मजुरीसाठी खाली उतरतात आणि होळीला परततात, कारण होळी हा त्यांचा मोठा सण. म्हणजे शाळेच्या वर्षातले ऐन महिने गेलेच. अंतराचा नियम असा की पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. पावसाळ्यात ओढा भरला की नकाशावरच्या एका किलोमीटरला काही अर्थ राहत नाही, हे कुठल्याही ढाण्यावरचा शिक्षक सांगेल. त्यातच कमी पटाच्या शाळा मिटवून 'समूह शाळा' करण्याची कल्पना २०२३ पासून राज्यात चर्चेत आहे. मोठ्या शाळेत सोयी जास्त, ही गोष्ट खरी. पण वऱ्हाडचा इतिहास पाहता, शाळा मुलाजवळ नेल्याने मुले आली आणि शाळा लांब असताना ती थांबली, हे विसरून असा हिशोब करणे आम्हाला धोक्याचे वाटते.

शहरातला झगडा वेगळा आहे. अकोला-अमरावतीत खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी पालकांची धडपड असते. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या जागांतून सूट देणारी अधिसूचना राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द ठरवली. दंड कोणाला करायचा यावर एकेकाळी वाद होता. आता शासनाने आपले बंधन पाळले की नाही यावर तो न्यायालयात होतो. फरक आहे तो इतका.

हा सगळा इतिहास आपल्या गावात कसा घडला, हे दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांना घेऊन शोधता येईल. जुन्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. त्यात प्रवेशाची तारीख, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण असे रकाने असतात. वऱ्हाडात गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात होत, आणि ती बुके तहसिलीच्या अभिलेख कक्षात मिळतात. समजा, कोतवाल बुकात एका वर्षी गावात जन्मलेली मुले मोजली, त्यांतली सहा वर्षांच्या आत दगावलेली वजा केली, आणि सहा-सात वर्षांनंतरच्या रजिस्टरात किती नावे आली ते पाहिले, तर त्या पिढीतली किती मुले शाळेच्या दारापर्यंत आली याचा अंदाज येतो. मुलगे आणि मुली वेगळे मोजावेत. बाहेरून आलेली आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे हिशोबात चूक आणतील, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना विचारून ती दुरुस्त करावी. रजिस्टरात जात लिहिलेली असते. काम संख्यांवर करावे, कोणाचे नाव वहीत उतरवू नये. दहा-दहा वर्षांच्या अंतराने, १९२० पासून पुढे, असे चार-पाच आकडे मिळाले तर आलेख काढावा आणि शाळा सोडल्याच्या कारणांचा रकाना शेवटी वाचावा. कोणत्या महिन्यात नावे जास्त कमी झाली आहेत, तेही पाहावे. वेचणीचे महिने त्यात कदाचित आपोआप दिसतील.